फेस यायला वेळ लागतो

आमच्या गावाचं नाव ग्रँड आयलंड,
आणि बेट कुठाय ते विचारू नका.
नेब्रास्काच्या मधोमध, चहूकडे मका,
समुद्र उजव्या हाताला लांब, डाव्या हातालाही तेवढाच,
आणि आमच्या तळघरात
एकशे वीस गॅलन.

तो पोत्यातून येतो. व्हर्लिन मीठ ओततो,
ढवळतो, मोजतो, चष्मा कपाळावर चढवून
पुन्हा मोजतो.
चाळीस वर्षं मालगाडीचे ब्रेक तपासलेला माणूस,
काटा केसभर हललेला त्याला खपत नाही.

शनिवारी खोकं आलं.
जुना स्किमर अकरा वर्षं घरघरत होता,
माझ्या उशीच्या बरोब्बर खाली.
म्हाताऱ्या कुत्र्याला आंघोळीला न्यावं
तसा त्याला दोन्ही हातांनी उचलून
व्हर्लिनने धुण्याच्या सिंकमध्ये ठेवला.
नवा उंच, पारदर्शक, जरा शिष्टच.
त्याला पाणी आठ इंच लागतं, आमच्या सम्पमध्ये नऊ.
मग खाली काय ठेवायचं, यात दुपार गेली.
वीट नको, लाकूड तरंगेल,
शेवटी माझा आइस्क्रीमचा डबा,
भोकं पाडून, उपडा.
मला विचारलं नाही.

बटण दाबलं.
काहीच नाही. म्हणजे, आवाजच नाही.
नळीत नुसते दुधाळ बुडबुडे,
घाईने वर चढणारे
आणि अर्ध्यात विसरणारे, कशाला निघालो होतो.

"कोरं आहे," तो म्हणाला,
"आतून जरा बुळबुळीत झालं की धरेल."
मला आमचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.
मी बोलले नाही.

रविवार. सोमवार.
तो स्टुलावर. झडप पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे.
शेजारचा कोल्बी साझामा येऊन म्हणाला, परत पाठवा.
पिवळा टँग काचेला तोंड लावून
त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिला.
माझे वडील स्कॉट्सब्लफला बीटाच्या साखर कारखान्यात होते.
ते म्हणायचे, रसाला सारखं डिवचू नये,
मळी आपणहून वर येते.
हे मी सांगितलं. तो "हं" म्हणाला
आणि झडप पाव वळसा इकडे.

मंगळवारी फेस आला!
बोटभर, दाट, गळ्यापर्यंत.
तो कोल्बीला फोन करायला वर धावला.

आता हे सांगायलाच हवं.
तेवढ्यात मला दिसली, वाळूवर उताणी पडलेली गोगलगाय.
मी हात घातला, कोपरापर्यंत,
आणि तिला सुलट केलं. एवढंच.
फक्त, थंडीत माझे हात फुटतात,
त्यावर मी मलम चोपडते.
तो खाली आला तेव्हा फेस बसला होता.
साफ. जणू कुणी फुंकर मारून विझवला.
तो बराच वेळ नळीकडे पाहत होता, मी गोगलगायीकडे.

रात्री घरात इतकी शांतता
की अकरा वर्षांत पहिल्यांदा
मला त्याचा श्वास ऐकू आला. झोपेतला नव्हता.
"जागा आहेस?"
"हं."
"मलम माझं होतं."
"कुठलं?"
"निळ्या डबीतलं."
मग काहीच नाही. मग पलंग हलायला लागला,
माझ्या पोटात गोळा आला, रडतोय की काय,
तर हसत होता, उशीत तोंड खुपसून,
सत्तरीचा माणूस.

शुक्रवारी सकाळी तो कप घेऊनच वर आला.
करपलेल्या चहाचा रंग,
वास तर दलदलीत मेलेल्या बेडकाचा.
माझ्या नाकाखाली धरला, पोराने प्रगतिपुस्तक धरावं तसा.
"बघ, आपल्या स्वच्छ पाण्यात एवढं होतं."
म्हटलं, अंड्यांपासून लांब धर.

जुना अजून सिंकमध्येच आहे.
टाकू, तो म्हणतो.
टाकू, मी म्हणते,
आणि त्याचे मोजे वर बाथरूममध्ये धुते.